घाटासाठी ब्रेक ‘अपग्रेड’ करताय? आधी ब्रेक ऑइल किती वर्षांचं आहे ते बघा

फोंडा : गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बेळगावहून परत येताना अनमोड घाटात आमच्या गाडीचं ब्रेक पेडल हळूहळू खाली जायला लागलं. गाडीत आम्ही पाच जण, मागे सामान, आणि पुढे एक ट्रक. वरच्या वळणांवर ब्रेक नेहमीसारखा लागत होता. घाट संपत आला, मोलेचा चेकनाका जवळ आला, तसं पेडल स्पंजावर पाय ठेवल्यासारखं मऊ वाटू लागलं. पहिल्या दाबात काही नाही, दुसऱ्या दाबात थोडं, तिसऱ्या दाबात गाडी मंदावली. रबर जळल्यासारखा वास आला. दुसऱ्या गिअरवर आणून, जागा बघून गाडी कडेला घेतली. अर्धा तास थांबलो. पुढे फोंड्यापर्यंत ब्रेक पुन्हा ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. सल्ला लगेच मिळाला : “कंपनीचे ब्रेक घाटाला पुरत नाहीत. पुढे मोठी डिस्क घाला, मागचे ड्रम काढून डिस्क करून टाका.” खर्च ऐंशी हजारांच्या घरात. गाडीची आजची किंमत तीन लाखही नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस; खर्च म्हटला की आधी विचारतो, बदल्यात काय मिळणार? म्हणून पैसे देण्याआधी चार ठिकाणी चौकशी केली, पुस्तकं चाळली, आकडेमोड केली. त्यातून जे कळलं ते फोंडा, डिचोली, पेडणे, दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड, खानापूर भागातल्या प्रत्येक गाडीवाल्याच्या उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

आपण सगळे पायथ्याचे लोक

सह्याद्रीच्या या बाजूला राहणाऱ्याला घाट चुकत नाही. फोंड्याहून बेळगावला जायचं तर राष्ट्रीय महामार्ग ७४८ ने मोले आणि अनमोड. डिचोली-साखळीवाल्यांना केरीवरून चोर्ला. पेडणे आणि सावंतवाडीकरांना आंबोली, दोडामार्गकरांना तिलारीचा उभा घाट. आणखी वर कणकवली तालुक्यात गेलात तर आमच्या नावाचाच दुसरा फोंडा, तोही दाजीपूरच्या घाटाच्या पायथ्याशी. दवाखाना, बाजार, कॉलेज, सोयरीक, सगळ्यासाठी चढणं-उतरणं आहेच. चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. चढताना गाडी दमली तर फार तर बंद पडते. उतरताना ब्रेक दमले तर काय होतं, ते दरीच्या कठड्यांवरचे ओरखडे सांगतात.

ब्रेक म्हणजे उष्णता

ब्रेक गाडीची गती ‘संपवत’ नाही, ती उष्णतेत बदलतो. पॅड डिस्कला घासतात, घर्षणाने दोन्ही तापतात, ती उष्णता वाऱ्यावर जाते. ब्रेकचं सगळं गणित या एका गोष्टीवर आहे : उष्णता किती तयार होते आणि किती लवकर बाहेर जाते.

माणसं आणि सामान धरून १,२०० किलोची छोटी गाडी घ्या. ती ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवायची तर ब्रेकला सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. वेग ८० असेल तर हाच आकडा पावणेदोन पटीहून थोडा जास्त होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढवला, ब्रेकवरचा भार मात्र जवळपास दुप्पट.

आता घाट बघा. हीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची आहे. इंजिनाची मदत घेतली नाही, तर उंचीतून सुमारे ५९ लाख ज्यूल मोकळे होतात. म्हणजे ताशी ६० च्या वेगावरून ३५ वेळा गाडी पूर्ण थांबवण्याइतकं काम, तेही अर्ध्या तासाच्या आत. घरगुती भाषेत सांगायचं तर वीस लिटरची बादलीभर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला एवढीच ऊर्जा लागते. यातली काही हवेचा विरोध आणि टायर खातात, पण उरलेली मोठी रक्कम चार चाकांच्या ब्रेकमध्येच जमा होते. त्यातही ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे साधारण सत्तर टक्के काम पुढचेच ब्रेक करतात.

म्हणून तर बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. डिस्क उघडी असते, वारा लागतो, लवकर थंड होते. ड्रम बंद डब्यासारखा, उष्णता आतच कोंडते. पद्मिनी आणि जुन्या अॅम्बॅसडरच्या काळात चारही चाकांना ड्रमच असायचे, आणि घाटात गाडी थांबवून ब्रेक थंड करणं हा प्रवासाचाच भाग होता. जगात डिस्क ब्रेकचं नाव झालं ते १९५३ साली, जॅग्वारच्या डिस्क ब्रेकवाल्या गाडीने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. तिथेही मुद्दा एका फटक्यात लवकर थांबण्याइतकाच दिवसभर पुन्हा पुन्हा थांबूनही न दमण्याचा होता.

पेडल काय सांगतं?

‘ब्रेक फेल’ असं आपण सरसकट म्हणतो, पण घाटात ब्रेक तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी साथ सोडतो. प्रत्येकात पेडल वेगळं बोलतं.

पहिली तऱ्हा : पेडल घट्ट आहे, नेहमीच्याच जागी लागतं, पण गाडी थांबत नाही. इथे पॅड तापलेत. साध्या पॅडची पकड साधारण तीनशे अंशांच्या पुढे ढळू लागते. पाय जोरात दाबला तरी घर्षण कमीच पडतं. जळका वास येतो तो याचा.

दुसरी तऱ्हा : पेडल मऊ होतं, खाली खाली जातं, पंप केल्यावर थोडं वर येतं. इथे ब्रेक ऑइल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. पण द्रवाला उकळी फुटली की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. तुमचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात संपतो. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक जणू काही झालंच नाही असे लागतात. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

तिसरी तऱ्हा : पेडल एकदम दगडासारखं कडक. इथे बूस्टरची मदत गेली आहे. पेट्रोल-डिझेल गाडीत पायाचा जोर वाढवणारा बूस्टर निर्वातावर चालतो आणि तो निर्वात इंजिन चालू असेल तरच तयार होतो. इंजिन बंद केलं तर साठ्यावर दोन-तीन दाब मिळतात, मग फक्त पायाची ताकद उरते. पेट्रोल वाचवायला उतारावर चावी फिरवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ब्रेक ऑइल : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. ग्लायकॉल जातीचं ते रसायन आहे आणि त्याचा एक स्वभाव आहे : ते हवेतली ओल शोषतं. रबरी पाइपांतून, टाकीच्या झाकणातून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी त्यात मुरत जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा डब्यात सुटतं, तिथे ब्रेक ऑइलची काय कथा?

पाणी मुरलं की उकळण्याचं तापमान घसरतं. डब्यावर ‘डॉट’ म्हणून जो आकडा असतो तो हेच सांगतो. ताजं डॉट-३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट-५.१ साठी २६० आणि १८०. नीट बघा : जुनं झालेलं महागडं डॉट-५.१ सुद्धा ताज्या साध्या डॉट-३ पेक्षा लवकर उकळू शकतं. डब्यावरच्या नंबरपेक्षा भरल्याची तारीख महत्त्वाची.

माझ्या गाडीची बिलं काढून बघितली. शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं? पाच वर्षांत एकदाही नाही. दर सर्व्हिसिंगला ‘टॉप-अप’ तेवढा. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं, पण ते पान उघडतो कोण?

इथे काही खबरदारी हवी. डॉट-३, ४ आणि ५.१ एकाच कुळातले आहेत. पुस्तिकेत डॉट-३ लिहिलं असेल तर सहसा डॉट-४ चालतं. नुसतं ‘डॉट-५’ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात अजिबात मिसळायचं नाही. नाव सारखं म्हणून फसायला होतं. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल थेंबभरही गेलं तर आतली रबरं फुगतात आणि सगळी यंत्रणा उतरवावी लागते. डबा सीलबंदच घ्यावा. गॅरेजच्या फळीवर महिनाभर उघडा पडलेला डबा आधीच ओल प्यायलेला असतो. आणि ऑइल बदलल्यावर चारही चाकांची हवा काढून घ्यायची. आत बुडबुडा राहिला तर नवं ऑइल असूनही पेडल स्पंजीच राहतं.

मोठ्या ब्रेकने गाडी लवकर थांबते का?

गॅरेजवाल्याच्या सल्ल्यातला हाच कळीचा मुद्दा. उत्तर ऐकून मलाही नवल वाटलं : एका फटक्यात थांबायचं असेल तर बहुतेक वेळा नाही.

गाडी शेवटी थांबवतो तो टायर. टायर आणि रस्ता यांची पकड ही कमाल मर्यादा. तुमचे आजचे ब्रेक चाक जाम करू शकत असतील, किंवा एबीएस असलेल्या गाडीत पेडल थरथरून एबीएस कामाला लागत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्यावर मोठी डिस्क घालून चाक फक्त आणखी लवकर जाम होईल. प्रवासी गाड्यांच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीच्या अनेक साध्या गाड्यांत ते नाही, तिथे चाक जाम झालं की स्टिअरिंगही ऐकत नाही.

ताशी ६० च्या वेगात, समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगल्या टायरने आणखी १८-२० मीटर. पाऊस असेल आणि टायर गुळगुळीत असतील तर हा दुसरा आकडा दुप्पट होतो. म्हणजे लवकर थांबण्यासाठी पैसे खर्च करायचेच तर ते आधी टायरवर करा. फर्मागुडीच्या उतारावर पहिल्या पावसात गाड्या घसरतात तेव्हा त्यांचे ब्रेक लागलेलेच असतात!

मोठ्या डिस्कचा खरा फायदा वेगळा आहे. जास्त लोखंड म्हणजे उष्णता साठवायला मोठी जागा, जास्त पृष्ठभाग म्हणजे थंड व्हायला सोपं. पुन्हा पुन्हा ब्रेक मारूनही ते दमत नाहीत. रेसवाल्यांना, सतत भरलेली गाडी घाटात चालवणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. महिन्यातून एकदा बेळगावला जाणाऱ्याला तोच फायदा गिअरच्या दांडीतून फुकट मिळतो. त्याबद्दल पुढे येतोच.

कशावर किती खर्च करावा?

चौकशीत हाती आलेले भाव गाडीप्रमाणे बदलतात, पण उतरंड साधारण अशी लागते.

पहिलं, ब्रेक ऑइल. मजुरी धरून हजाराच्या आसपास. घाटातल्या सुरक्षिततेसाठी रुपयामागे सगळ्यात जास्त परतावा इथे.

दुसरं, पुढचे पॅड. छोट्या गाडीला नावाजलेल्या कंपनीचा सेट दीड ते तीन हजारांत येतो. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो. तीनवर आला की बदलायचा. पातळ पॅडमधून उष्णता थेट कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत जाते, म्हणजे झिजलेला पॅड ऑइललाही उकळायला मदत करतो. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता जास्त सोसतात, पण आवाज करतात आणि डिस्क थोडी जास्त खातात. सिरॅमिक शांत आणि कमी धूळ करणारे, किंमत जास्त. ‘रेसिंग पॅड’ मात्र घेऊ नका. ते तापल्यावरच धरतात. सकाळी घरातून निघताना पहिल्याच वळणावर ब्रेक कमी लागेल. आणि नकली पॅडपासून सावध. डबा हुबेहूब असतो, आतला माल पहिल्या घाटात उघडा पडतो. बिल मागा, बिल द्यायला कुरकुर करणाऱ्या दुकानातून ब्रेकचा भाग घेऊच नये.

तिसरं, डिस्क. तिच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. तेवढी झिजली तर बदलायची, लेथवर घासून भागवायचं नाही. पेडलला थरथर असेल तर डिस्कचा पृष्ठभाग बिघडला असण्याची शक्यता मोठी. कंपनीच्या मापाचीच चांगली डिस्क घातली तरी पुरे.

चौथं, रबरी ब्रेक पाइप. सात-आठ वर्षांनी तडे जातात, फुगतात. स्टीलच्या जाळीचे पाइप घातले तर पेडल घट्ट लागतं. थांबण्याच्या अंतरात मोठा फरक पडेल अशी आशा ठेवू नका.

पाचवं, त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटची मोठी डिस्क आणि कॅलिपर. काही गाड्यांत हे बसतं. पण मोठी डिस्क छोट्या रिममध्ये मावत नाही, मग रिम आणि टायरही आले. दुसरं म्हणजे कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला आणि मास्टर सिलिंडर तोच राहिला, तर पेडल जास्त खाली जाऊ लागतं.

सहावं, मागे डिस्क करणं आणि बाहेरून आणलेले मोठे किट. इथे मी थांबलो. कंपनी पुढच्या आणि मागच्या ब्रेकची वाटणी ठरवून देते, ती अशी की पुढची चाकं आधी जाम व्हावीत. मागे जास्त ताकदीचे ब्रेक बसवले आणि मागची चाकं आधी जाम झाली, तर गाडी वळणावर भोवऱ्यासारखी फिरते. शिवाय हँडब्रेकची यंत्रणा मागच्या ड्रममध्येच असते. ड्रम काढून डिस्क घालताना हँडब्रेकचं काय केलं, हे विचारल्यावर मला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. चढावर गाडी उभी करायची कशाच्या भरवशावर?

एका जुन्या मेस्त्रींनी एका वाक्यात निकाल दिला : “मागचे ड्रम साफ करून, लायनर ॲडजस्ट करून बघितलेत का आधी?” बघितले नव्हते. उघडले तर आत लाल धुळीचा थर. उसगाव, धारबांदोडा, डिचोली, सत्तरीच्या खाणपट्ट्यातून रोज जाणाऱ्यांच्या ड्रममध्ये ही धूळ भरतेच. ती तोंडाने फुंकून काढू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसाला घातक. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने साफ करायला सांगावं.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं. पॅड, ऑइल, त्याच मापाची डिस्क बदलणं ही देखभाल झाली, त्यात अडचण नाही. पण ब्रेकची यंत्रणाच बदलणं हा वेगळा विषय. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९६ वा नियम ब्रेकसाठीच आहे, आणि त्यात पायाच्या ब्रेकइतकाच पार्किंग ब्रेकही आवश्यक आहे. कंपनी आपले ब्रेक पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घेते, नाक्यावरच्या किटची अशी तपासणी झालेली असेलच असं नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर दाव्यावर वाद होऊ शकतो. वॉरंटीतली गाडी असेल तर तीही धोक्यात.

खरा ‘अपग्रेड’ गिअरमध्ये

आता फुकटच्या गोष्टीकडे. त्या दिवशी अनमोड घाट मी चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर टेकवून उतरत होतो. चूक ऑइलची होती, तितकीच माझीही.

जुना नियम साधा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. ती वीस लिटरची बादली मग बऱ्याच अंशी इंजिन उकळतं, ब्रेक नाही. ब्रेक टेकवून ठेवायचा नाही. वळणाआधी नीट दाबायचा, वेग कमी करायचा, सोडून द्यायचा. सोडलेल्या वेळात डिस्कला वारा मिळतो.

न्यूट्रलने पेट्रोल वाचतं हा समज जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतच राहतं. म्हणजे न्यूट्रल टाकून ब्रेकही गेले आणि पेट्रोलही गेलं. पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने उतारावर अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा सुरुवातीला ब्रेक फेलची चर्चा झाली. उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तपासात पुढे आलं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुमच्याकडेही सोय आहे. एएमटीमध्ये ‘एम’ करून गिअर स्वतः खाली आणा, सीव्हीटीमध्ये ‘एल’ किंवा ‘एस’ वापरा. ‘डी’मध्ये घाट उतरला तर बऱ्याच गाड्या वरचा गिअर घेऊन सुटतात. इलेक्ट्रिक गाड्या उतारावर मोटरने ब्रेक लावून बॅटरी भरतात, ही मोठी सोय. पण बेळगावात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला घेतला, तर बॅटरीत जागाच नसते आणि ही मदत कमी मिळते. वर चार्ज करताना थोडी जागा राखावी.

भाड्याच्या सेल्फ ड्राइव्ह गाड्या घेऊन आलेले पाहुणे हा गोव्यातला वेगळा विषय. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी पुढे घाटात सतत लाल दिवे लावून उतरताना दिसली, तर अंतर ठेवा. पाहुणा तुमचा असेल तर निघण्याआधी त्याला गिअरचं सांगा.

पावसात आणि पावसानंतर

डबक्यातून, पुराच्या पाण्यातून गाडी गेली की पहिला ब्रेक कमी लागतो. बाहेर आल्यावर मागे कोणी नाही बघून दोन-तीनदा हलका ब्रेक मारून पॅड सुकवायचे. पावसाळ्यात चार दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी ‘खर्र’ आवाज करते, तो डिस्कवरचा पातळ गंज; चार ब्रेकमध्ये निघून जातो. आठवडाभर उभी ठेवायची असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. नाहीतर ओलीने लायनर ड्रमला चिकटतो.

घाट उतरून तापलेल्या चाकावर बाटलीतलं पाणी ओतणारे पुष्कळ दिसतात. तसं करू नका. लालबुंद तव्यावर गार पाणी टाकल्यासारखं होतं, डिस्क वाकते किंवा तडकते. सावलीत थांबा, चहा घ्या, वाऱ्याला त्याचं काम करू द्या. आणि कधी मध्येच पेडल मऊ झालं तर : पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू लावा, धोक्याचे दिवे आणि हॉर्न सुरू ठेवा, इंजिन बंद करू नका. तरीही नाही थांबली तर डोंगराची बाजू धरा, दरीची नव्हे.

शेवटचं बिल

ऐंशी हजारांचं काम मी केलं नाही. नवं डॉट-४ ऑइल, पुढचे पॅड, चारही चाकांची हवा, मागच्या ड्रमची सफाई आणि ॲडजस्टमेंट, मजुरीसकट ४,८५० रुपये झाले. नवे पॅड बसल्यावर मेस्त्रींनी रिकाम्या रस्त्यावर नेऊन आठ-दहा वेळा साठवरून वीसपर्यंत वेग उतरवला, मग गाडी न थांबवता थोडी पळवून थंड केली. त्याने पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसतात. हे कोणी करत नाही, करून घ्या.

त्यानंतर अनमोड तीनदा आणि चोर्ला दोनदा उतरलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, तीच माणसं घेऊन. पेडल एकदाही खाली गेलं नाही. पुढच्या चतुर्थीला घाटावरून घरी येणाऱ्यांनी निघण्याआधी एवढंच करावं : बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा, आणि ते शेवटचं कधी बदललं याचं बिल शोधा. बिल सापडलं नाही, तर ते बदललेलं नाही असंच समजा.